काळी पाच की पांढरी सहा?

“तिला बी-फ्लॅटवरच वाजवू द्या ना, सर. कोणाला कळणार आहे?”

हे वाक्य मी आजवर हिंदीत, गुजरातीत आणि अर्थातच मराठीतही ऐकलं आहे. या वेळी ते इंग्रजीत होतं. म्हणणारे गृहस्थ एका सिंफनी ऑर्केस्ट्राचे व्यवस्थापक होते, सज्जन होते, आणि तालमीच्या मध्यंतरात चहाचा कप माझ्या हातात देता देता त्यांनी ते म्हटलं. कार्यक्रमात मेंडेल्सोनचं ‘हेब्रिडीज’ होतं. त्यात शेवटाकडे दोन क्लॅरिनेटांची एक संथ जोडओळ येते. पहिलं क्लॅरिनेट एकटं सुरू करतं, मग दुसरं येऊन मिळतं, आणि बाकीचा ऑर्केस्ट्रा जवळजवळ श्वास रोखून थांबतो. मेंडेल्सोननं दोन्ही पार्ट ए क्लॅरिनेटसाठी लिहिले आहेत. पहिलं मी वाजवणार होतो, माझ्याकडे ए होतं. दुसरं माझी एक विद्यार्थिनी वाजवणार होती, तिच्याकडे नव्हतं. कुठून तरी एक ए क्लॅरिनेट चार दिवसांसाठी भाड्यानं मिळवावं, एवढीच माझी विनंती होती.

ते मिळालं नाही. तिनं शार्पांच्या गर्दीत बोटं गुंतवून बी-फ्लॅटवर तो पार्ट वाजवला, एकही सूर चुकवला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्यवस्थापकांचं म्हणणं खरं ठरलं, कोणाला काही कळलं नाही. हा लेख त्या खरं ठरण्याविरुद्ध आहे.

ज्यांचा या वाद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. सिंफनी ऑर्केस्ट्रातला क्लॅरिनेटवादक दोन क्लॅरिनेटं घेऊन बसतो. दोन्ही दिसायला सारखी, बोटं सारखी, माउथपीससुद्धा बहुतेकदा एकच, याच्यातून काढून त्याच्यात घालायचा. फरक पट्टीचा. कागदावरचा ‘सी’ वाजवला की एकातून बी-फ्लॅट निघतो, दुसऱ्यातून ए. आपल्या पेटीच्या भाषेत एक काळी पाचचं, दुसरं पांढरी सहाचं. ए क्लॅरिनेट अर्ध्या सुरानं खाली, म्हणून सुमारे 4 सेंटिमीटरनं लांब. संगीतकार रचनेच्या पट्टीप्रमाणे आणि हव्या त्या रंगाप्रमाणे दोहोंपैकी एक नेमून देतो.  ‘हेब्रिडीज’मधली ती जोडओळ ए क्लॅरिनेटवर सोप्या पट्टीत वाचायची असते. तीच बी-फ्लॅटवर वाजवायची तर प्रत्येक सूर मनातल्या मनात अर्धा सूर खाली नेऊन कितीतरी जास्त शार्पांत वाजवावा लागतो. ऐकणाऱ्याला सूर तेच येतात. मग अडलं कुठे?

विरुद्ध बाजूचं म्हणणं मी सौम्य करून सांगणार नाही. ते असं. पूर्वीच्या क्लॅरिनेटांना मोजून पाच चाव्या असत, बऱ्याच पट्ट्या त्यांवर वाजवणं कठीण होतं, म्हणून वेगवेगळ्या पट्टीची वाद्यं बाळगावी लागत. आजच्या क्लॅरिनेटवर सगळ्या पट्ट्या वाजतात. अडचण संपली, तेव्हा दुसऱ्या वाद्याची गरजही संपली. उरली ती केवळ परंपरा, आणि परंपरेसाठी काही लाख रुपये कोणी मोजावेत?

हा युक्तिवाद नवा नाही. 1812 मध्ये इवान म्यूलर नावाचा वादक तेरा चाव्यांचं क्लॅरिनेट घेऊन पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटवारपुढे उभा राहिला. त्याचा दावा होता की या एका बी-फ्लॅट वाद्यावर सगळ्या पट्ट्या वाजतात, बाकीची क्लॅरिनेटं आता लागणार नाहीत. समितीनं ते नाकारलं. वेगवेगळ्या लांबीच्या क्लॅरिनेटांचे स्वभाव वेगळे आहेत आणि एकच वाद्य ठेवलं तर संगीतकाराच्या हातातले हे रंग जातील, असं तिचं म्हणणं होतं. पुढच्या पिढ्यांनी या समितीला मागासलेली ठरवलं आणि यंत्रणेच्या बाबतीत म्यूलरच जिंकला. त्याच्या चाव्या आल्या, नंतर बोएम पद्धत आली. आज कुठलाही व्यवस्थित शिकलेला वादक बी-फ्लॅटवर बाराही पट्ट्यांत वाजवू शकतो.

आणि तरीही जगभरच्या सिंफनी ऑर्केस्ट्रांतला क्लॅरिनेटवादक आजही दोन वाद्यांची पेटी घेऊन तालमीला येतो. केवळ सोयीचाच प्रश्न होता तर सोय झाल्यावर दुसरं वाद्य का उरलं? मालरनं चौथी सिंफनी पूर्ण केली 1900 च्या सुमारास. तोवर यंत्रणा केव्हाच पक्की झाली होती. तरी तो बी-फ्लॅट, ए, सी आणि छोटं ई-फ्लॅट अशी क्लॅरिनेटं मागतो. बर्लिओझनं 1840 च्या दशकातल्या आपल्या वाद्यलेखनाच्या ग्रंथात सगळं बी-फ्लॅटवर उरकणाऱ्या वादकांना चांगलंच सुनावलं आहे. संगीतकारानं नेमलेलं वाद्यच वाजवा, असं त्याचं मत होतं.

यावर कोणी म्हणेल, हे जुन्या सवयीचे संगीतकार. मग स्त्राविन्स्कीकडे या. एकट्या क्लॅरिनेटसाठी त्याचे तीन छोटे तुकडे आहेत, 1918 मध्ये लिहिलेले. सोबत ऑर्केस्ट्रा नाही, पियानो नाही, कोणाच्या पट्टीशी जुळवून घ्यायचं नाही. सोयच पाहायची तर तिन्ही तुकडे एका वाद्यावर लिहून मोकळं होता आलं असतं. त्यानं पहिल्या दोन तुकड्यांवर शक्यतो ए क्लॅरिनेट वापरावं असं लिहिलं आणि तिसऱ्यावर शक्यतो बी-फ्लॅट. काही मिनिटांच्या रचनेत एकट्या वादकाला वाद्य बदलायला सांगणाऱ्या माणसाला काहीतरी वेगळं ऐकू येत असणार.

आता ‘ऐकू येण्या’बद्दल. डोळे बांधून मला एक सुटा सूर ऐकवला आणि ए की बी-फ्लॅट असं विचारलं, तर मी फसेन. हे मी इथे छापील कबूल करतो, म्हणजे पुन्हा कोणी ती परीक्षा घ्यायला नको. पण सुटा सूर कोणी ऐकायला येत नाही. लोक ओळ ऐकायला येतात, आणि ओळीत काय होतं ते पाहा.

क्लॅरिनेटच्या मधल्या भागात काही सूर जन्मजात अशक्त आहेत. आम्ही त्यांना गळ्याचे सूर म्हणतो. वरच्या एकदोन चाव्या उघडायच्या, खालची सगळी नळी मोकळी, त्यामुळे आवाज बोटभर नळीतून आल्यासारखा पोकळ आणि थोडा हवेशीर. त्याच्या लगेच वरचा सूर मात्र जवळजवळ सगळी भोकं बंद करून, पूर्ण नळीतून येतो, भरदार आणि घुमणारा. अशक्त आणि सशक्त एकमेकांना खेटून, मध्ये फक्त अर्ध्या सुराचं अंतर. आता ए मेजरमधली एखादी संथ ओळ घ्या. तिचा शुद्ध निषाद म्हणजे जी-शार्प, आपली काळी चार. मधल्या सप्तकातला हा सूर ए क्लॅरिनेटवर पूर्ण नळीचा, भरदार येतो. बी-फ्लॅटवर तोच सूर नेमका गळ्याच्या सर्वांत दुबळ्या सुरावर पडतो. षड्जाकडे ओढ घेणारा, ओळीचा सगळा ताण पेलणारा सूर एका वाद्यावर उभा राहतो आणि दुसऱ्यावर खोकतो. चांगला वादक ओठांनी, श्वासानं, जादा बोटं दाबून ते झाकतो. झाकता येतं, पण झाकण्यात त्याचं निम्मं लक्ष जातं आणि वाक्य म्हणायला उरलेलं निम्मंच राहतं.

उलटही खरं आहे. शेजारचाच जी नॅचरल घ्या. तो दोन्हींवर गळ्यातच पडतो, पण ए वर जास्त दुबळा. म्हणजे ए श्रेष्ठ आणि बी-फ्लॅट कनिष्ठ असं काही नाही. प्रत्येक नळीचे बलवान आणि दुबळे सूर ठरलेले असतात, आणि ज्याला वाद्यं कळतात असा संगीतकार ते ओळखून ओळ लिहितो. वाद्य बदललं की ओळीतलं सगळं बळ अर्ध्या सुरानं सरकतं. सूर तेच राहतात, पण वाक्यातला जोर भलत्याच शब्दावर पडतो.

मला सर्वांत जास्त राग येतो तो शेवटच्या युक्तिवादाचा, कारण तो आपल्या नावानं केला जातो. भारतीय संगीतात स्थिर षड्ज नाही, सा कुठेही धरा, मग हे पट्टीचं अवडंबर तुम्ही भारतीय माणसं कशाला करता? असं विचारणारा माणूस कधी मैफलीआधी ग्रीनरूममध्ये बसलेला नसतो. गायिकेला काळी चार हवी आणि पांढरी पाच नको म्हणजे नको, म्हणून दोन तंबोरे पुन्हा पहिल्यापासून लावताना त्यानं पाहिलेलं नसतं. तिला विचारा की अर्ध्या सुरानं कोणाला काय कळणार! श्रोत्यांना कदाचित नाही कळणार. तिच्या गळ्याला कळेल, आणि दहाव्या मिनिटाला तार षड्जावर श्रोत्यांनाही कळेल, फक्त काय बिघडलं ते सांगता येणार नाही. बासरीवाला वेगवेगळ्या पट्टीच्या बासऱ्यांची झोळी घेऊन फिरतो ते कशासाठी? एकाच बासरीवर निम्मी भोकं अर्धी झाकून त्याला सगळ्या पट्ट्या काढता येतात की. तो काढत नाही, आणि त्याला कोणी परंपरावादी म्हणत नाही. पट्टीबद्दल हळवं असणं मी युरोपकडून शिकलो नाही. ते मला घरीच मिळालं होतं.

घरी म्हणजे बडोद्याला. वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. बँडचं बरंचसं संगीत फ्लॅटच्या पट्ट्यांत लिहिलेलं असतं, तिथे बी-फ्लॅट पुरतं आणि शोभतंही. मी त्यांच्याकडूनच शिकलो. पुढे ऑर्केस्ट्रात वाजवू लागलो तेव्हा ए क्लॅरिनेट घ्यायला पैसे नव्हते. बारा वर्षं मी ए चे सगळे पार्ट बी-फ्लॅटवर वाजवले. समोर आलेला कागद जागच्या जागी अर्धा सूर खाली नेऊन वाजवायचो आणि त्याचा मला भारी अभिमान होता. राखमानिनॉव्हच्या दुसऱ्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात क्लॅरिनेटचा एक लांबलचक एकल आहे. ए क्लॅरिनेटवर तो सी मेजरमध्ये, एकही शार्प-फ्लॅट नसलेल्या कागदावर आहे. मी तो पाच शार्पांत वाजवला. लोकांनी पाठ थोपटली. त्यानंतर किती तरी दिवस मी तो पराक्रम सांगत फिरलो.

मग एका मित्राचं ए क्लॅरिनेट हाती आलं आणि घरी एकट्यानं तोच एकल वाजवून पाहिला. पहिल्या दहा सेकंदांत मला कळलं की बारा वर्षं मी हे संगीत वाजवत नव्हतो, त्यातून वाट काढत होतो. बोटांचं गणित संपलं आणि श्वास कुठे घ्यायचा हा प्रश्न पहिल्यांदा मोकळेपणी समोर आला. म्हणून ‘कोणाला कळणार?’ याचं माझं पहिलं उत्तर साधं आहे. वाजवणाऱ्याला कळतं, आणि ज्याला कळतं त्यालाच ते वाजवायचं असतं.

एवढं सांगून मी दुसऱ्या टोकाला जाणार नाही. छापलंय ते ब्रह्मवाक्य, असं मी विद्यार्थ्यांना शिकवत नाही. काही स्कोअरमध्ये वाद्य बदलायला जेमतेम दोन-तीन मात्रा मिळतात. वातानुकूलित सभागृहात स्टँडवर वीस मिनिटं पडून राहिलेलं क्लॅरिनेट गार होतं आणि उतरलेलं लागतं. त्यावर एकदम नाजूक एकल सुरू करण्यापेक्षा हातातल्या गरम वाद्यावर वाजवणं शहाणपणाचं. एखादी द्रुत जागा एका वाद्यावर गळ्याच्या आणि वरच्या सुरांच्या सीमेवरून वीस वेळा उड्या मारते आणि दुसऱ्यावर सरळ जाते. अशा वेळी मी खुशाल बदलतो. रिचर्ड स्ट्राउसनं ‘टिल ऑयलनश्पीगल’मध्ये मागितलेलं डी क्लॅरिनेट आज फारसं कोणाकडे नसतं, बहुतेक जण तो पार्ट ई-फ्लॅटवरच वाजवतात. माझा आक्षेप या निवडींवर नाही. निवड करायला दोन गोष्टी हाताशी असाव्या लागतात. माझ्या विद्यार्थिनीजवळ एकच होती. तिनं निवड केली नाही, तिच्यावर ती लादली गेली, आणि वर तिच्या शार्पांच्या कसरतीचं कौतुक करून ते लादणं झाकण्यात आलं.

वाद्य हाताशी नसलं की काय जातं, याचं एक मोठं उदाहरण आमच्या सर्वांच्या पाठांतरात आहे. मोत्सार्टनं 1791 मध्ये लिहिलेली क्लॅरिनेट कन्चेर्तो आन्टोन श्टाडलरच्या एका खास ए क्लॅरिनेटसाठी होती. ते नेहमीच्यापेक्षा आणखी खाली उतरत असे. मोत्सार्टच्या मृत्यूनंतर रचना छापली गेली तेव्हा ते वाद्य इतरांकडे नव्हतं, म्हणून प्रकाशकांनी खालचे सूर उचलून वर ठेवले. मूळ हस्तलिखित हरवलं. 1802 मध्ये लाइपझिगच्या संगीतपत्रातल्या एका समीक्षकानं या फेरफाराबद्दल लिहिलंही होतं. तरी पुढची दीडशे वर्षं जगानं दुरुस्त केलेली कन्चेर्तोच मोत्सार्टची म्हणून ऐकली. विसाव्या शतकात वाद्य पुन्हा घडवलं गेलं, सूर अंदाजानं पुन्हा खाली नेले गेले. तोवर कोणाला कळलं नव्हतं. कोणाला कळलं नाही म्हणून काही गेलं नाही, असं कोणी म्हणेल का?

आता पैशांबद्दल, कारण व्यवस्थापकांचा खरा मुद्दा तोच आहे आणि तो खोटा नाही. चांगलं ए क्लॅरिनेट चांगल्या बी-फ्लॅटइतकंच महाग असतं. आपल्या देशात ते विकत घेणारा माणूस वर्षातून चार-सहा वेळा ते बाहेर काढणार. बँडमध्ये त्याला काम नाही, लग्नात नाही, रेकॉर्डिंगमध्ये क्वचितच. बावीस वर्षांच्या मुलीनं ते स्वतः घ्यावं असं मीही म्हणणार नाही. पण ऑर्केस्ट्रात टिंपनी वाजवणाऱ्याला कोणी घरून टिंपनी आणायला सांगत नाही. पियानोवादक पियानो पाठीवर घेऊन येत नाही. सेलेस्टा लागला तर संस्था तो भाड्यानं आणते आणि अंदाजपत्रकात त्यासाठी ओळ असते. मग ए क्लॅरिनेट हे वादकाचं खासगी दुखणं कसं झालं? पंधरा-वीस वर्षं टिकणारं एक ए क्लॅरिनेट, जमलं तर एक सी क्लॅरिनेट, संस्थेच्या कपाटात असावं आणि ज्याला लागेल त्यानं सही करून न्यावं. संगीतशाळांनीही हेच करावं. बाहेरून बोलावलेल्या एका पाहुण्या एकलवादकाच्या विमानभाड्यात आणि हॉटेलात हा खर्च कितपत बसतो, याचा हिशेब मी व्यवस्थापकांनाच करायला सांगितला. त्यांनी अजून केलेला नाही.

आणि कपाट रिकामं असेल तोवर निदान लपवाछपवी नको. या नियतकालिकाचे वाचक अनेक भाषांतून वाचतात. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर असावं म्हणून तुमच्यापैकी कित्येकांनी भांडणं केली आहेत. अनुवाद वाईट असतो म्हणून ते भांडण नव्हतं. आपण कोणाच्या हातून आलेलं वाचतो आहोत हे वाचकाला ठाऊक असावं, यासाठी होतं. माझी मागणी त्याच जातीची आहे, फक्त अक्षरांचा ठसा आणखी बारीक चालेल.

येत्या मोसमात आम्ही ब्राम्सची चौथी सिंफनी वाजवणार आहोत. तिचे बाकीचे भाग ए क्लॅरिनेटवर आहेत. माझं जुनं ए मी विद्यार्थिनीला कायमचं देऊन टाकलं आहे, तेव्हा निदान तिथे तरी आम्ही दोघंही पांढरी सहावर असू. पण तिसऱ्या भागासाठी ब्राम्सनं सी क्लॅरिनेटं मागितली आहेत, आणि सी आमच्या दोघांकडेही नाही. तो भाग आम्ही बी-फ्लॅटवर, दोन शार्पांत वाजवू. बोटांना मुळीच जड नाही, कोणाला कळणारही नाही. म्हणून कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ छापा असं मी लेखी कळवलं आहे: तिसऱ्या भागातली सी क्लॅरिनेटं उपलब्ध नसल्यामुळे बी-फ्लॅट क्लॅरिनेटं वापरली आहेत. उत्तर आलं की जागा नाही. प्रायोजकांच्या चिन्हांसाठी एक अख्खं पान आहे. त्याच पानावर तळाला ती ओळ बसेल, असं मी पुन्हा कळवलं आहे.